वाऱ्याने आणलेलं, जहाजाने आणलेलं

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला ब्लफ नावाचं बंदर आहे. तिथून दक्षिणेकडच्या निर्मनुष्य बेटांकडे निघणाऱ्या क्रूझवर सुरुवातीलाच एक कार्यक्रम ठरलेला असतो. प्रवासी आपापली जाकिटं, बूट, पाठपिशव्या, कॅमेऱ्याच्या बॅगा घेऊन दालनात जमतात. व्हॅक्यूम क्लीनरची नळी प्रत्येक खिशाच्या तळाशी फिरते. बुटांच्या तळव्यांतल्या खाचा टोकदार काडीने कोरून काढतात. सगळ्यात जास्त वेळ जातो तो वेल्क्रोच्या पट्ट्यांवर. सड्यावरून फिरून आलं की पायजम्याला कुसळं चिकटलेली असतात, तशी गवताची बारीक बियाणं त्या पट्ट्यांत रुतून बसलेली असतात आणि चिमट्याने एकेक उपटावी लागतात. शेवटी बूट जंतुनाशकात बुडवायचे. हे झाल्याशिवाय बेटाकडे जाणाऱ्या रबरी बोटीत पाय ठेवता येत नाही.

भरपूर पैसे मोजून आलेल्या प्रवाशाला हा सोपस्कार कटकटीचा वाटू शकतो. मला मात्र साऱ्या सफरीतला हाच तास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो का, हे समजायला आधी ती बेटं समजून घ्यावी लागतात.

स्नेअर्स, बाउंटी, अँटिपोडीस, ऑकलंड आणि कॅम्पबेल असे हे पाच द्वीपसमूह. 1998 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. यांपैकी सर्वांत दक्षिणेचं कॅम्पबेल बेट ब्लफपासून सुमारे 700 किलोमीटरवर आहे. तिथे विमानतळ नाही, वस्ती नाही, दुकान नाही. हवामान केंद्रावर माणसं राहत, तीही 1995 मध्ये परतली. जायचं तर जहाजानेच, न्यूझीलंडच्या संवर्धन खात्याची परवानगी घेऊन आणि त्या खात्याच्या प्रतिनिधीला सोबत घेऊन. स्नेअर्सवर तर एकाही पर्यटकाला उतरू देत नाहीत. लाखो समुद्रपक्ष्यांनी तिथली जमीन बिळांनी इतकी पोखरलेली आहे की पाऊल टाकलं तर घरटंच खचायचं. बोटीतून किनाऱ्याकडेने फिरायचं आणि परत यायचं.

या बेटांवर वाऱ्याचं राज्य आहे. पृथ्वीच्या गोलावर पन्नाशीच्या दक्षिण अक्षांशांवरून बोट फिरवत नेलं तर दक्षिण अमेरिकेचं निमुळतं टोक सोडून जमीन म्हणावी असं काही लागतच नाही. उष्ण प्रदेश आणि हिमाच्छादित अंटार्क्टिका यांच्या तापमानातल्या फरकामुळे इथे पश्चिमेकडून वारे वाहतात आणि त्यांना अडवायला ना डोंगर, ना जंगल. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा न्यूझीलंडच्या लिटल्टनहून केप हॉर्नला वळसा घालून फॉकलंडच्या पोर्ट स्टॅनलीपर्यंतचा टप्पा त्यांनी याच पश्चिमी वाऱ्यांवर गाठला होता. कॅम्पबेलवर वर्षातले सव्वातीनशे दिवस थोडातरी पाऊस पडतो. ऊन वर्षाला साडेसहाशे तासांहूनही कमी, म्हणजे दिवसाला सरासरी दोन तासही नाही. सरासरी तापमान वर्षभर सात अंशांच्या आसपास घुटमळतं आणि ताशी शंभर किलोमीटरच्या घरातले झोत वर्षातले कितीतरी दिवस येतात. त्यामुळे ठरलेलं उतरणं ऐनवेळी रद्द होणं या सफरीत नवलाचं नाही.

हाच वारा ज्याला हवाहवासा आहे असा पक्षी म्हणजे सदर्न रॉयल अल्बॅट्रॉस. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन मीटरहून जास्त. या जातीची जवळजवळ सगळी वीण कॅम्पबेलवर होते. एवढे लांब पंख फडफडवत हजारो किलोमीटर जायचं म्हटलं तर कुठलाही पक्षी थकून जाईल. अल्बॅट्रॉस फडफडवतच नाही. त्याच्या खांद्यात एक स्नायुबंध असतो, तो उघडलेला पंख जागच्या जागी अडकवून ठेवतो आणि पंख पसरून धरायला स्नायूंची ताकद फारशी लागत नाही.

पुढे जाण्याची ऊर्जा तो वाऱ्यातून काढतो. समुद्राला घासत जाणारा वारा मंदावतो, तर दहा-पंधरा मीटर वर तो बराच वेगवान असतो. अल्बॅट्रॉस वाऱ्याकडे तोंड करून वर चढतो. चढताना त्याचा स्वतःचा वेग कमी होत जातो, पण जसजसा तो वर जातो तसतसा समोरून येणारा वारा जोरदार होतो आणि पंखांवरून वाहणारी हवा हवी तेवढी टिकून राहते. वर पोचला की तो वळतो, वारा पाठीशी घेतो आणि खाली झेपावतो. आता त्याच्या अंगात वरच्या वाऱ्याचा वेग असतो आणि खालची हवा मंद असते, म्हणून हवेच्या तुलनेत त्याचा वेग पुन्हा वाढतो. लाटेला पंखाचं टोक जवळजवळ टेकवत तो परत वळतो आणि चढतो. जहाजाच्या मागच्या डेकवर उभं राहिलं तर हे चक्र तासन्‌तास पाहता येतं. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या क्रोझे बेटांवरच्या ‘भटक्या’ (वाँडरिंग) जातीच्या अल्बॅट्रॉसच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून शास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा या तरंगत्या उड्डाणात त्यांचे ठोके विश्रांतीच्या वेळच्या ठोक्यांपेक्षा फारसे वाढत नाहीत असं आढळलं. कष्ट होतात ते पाण्यावरून किंवा जमिनीवरून उठताना. वारा पडला की हे पक्षी पाण्यावर बसून राहतात, शांत समुद्र त्यांच्या कामाचा नाही.

कॅम्पबेलवर कोल लायल नावाच्या खिंडीपर्यंत लाकडी फळ्यांची पायवाट आहे. उतरत्या दुपारी तिथे अजून जोडीदार न मिळालेले तरुण अल्बॅट्रॉस जमतात. चार-पाच जण गवतात गोल करून उभे राहतात, एखादा पंख पूर्ण उघडून मान मागे टाकतो, चोच आभाळाकडे करतो आणि ओरडतो. बाकीचे त्याला जोखत असतात. घाईचं काम नाही, कारण जोडी जमली की ती बहुधा जन्मभराची. अंडं एकच, ते सुमारे 79 दिवस उबवायचं आणि पिल्लू उडेपर्यंत आणखी आठ महिने त्याला भरवायचं. त्यामुळे यशस्वी झालेली जोडी दोन वर्षांतून एकदाच वीण करते. अशा पक्ष्यांची संख्या एकदा घटली की भरून यायला पिढ्या जातात, आणि मासेमारीच्या लांब दोऱ्यांच्या गळांत अडकून ते आजही मरतात.

त्याच पायवाटेच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या-पिवळ्या फुलांचे ताटवे दिसतात. एवढ्या थंडीत झाडं खुरटी असतील अशी आपली कल्पना, पण इथल्या औषधी वर्गातल्या, म्हणजे लाकडी खोड नसलेल्या वनस्पतींची पानं परातीएवढी होतात. 1840 मध्ये जोसेफ हूकर हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स रॉसच्या अंटार्क्टिक मोहिमेबरोबर इथे आला होता आणि उष्ण कटिबंधाबाहेर असा फुलोरा दुसरीकडे नाही अशा आशयाचं त्याने लिहून ठेवलं. ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने या वनस्पती तपासल्या. ढगांतून मिळेल तेवढं ऊन गोळा करून त्यांची पानं-फुलं भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अंश गरम राहतात असं दिसलं. केसाळ, सुरकुतलेली पानं आणि गडद फुलं ही त्यांची हत्यारं. पण चरणाऱ्या जनावराशी गाठ पडण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. बियाणं, कीटक, पक्षी, जे काही इथे पोचलं ते वाऱ्यावर, लाटांवर किंवा पक्ष्यांच्या अंगावरून, लाखो वर्षांत, एकेक करून. जमिनीवरचा सस्तन प्राणी त्यात एकही नव्हता.

मग जहाज आलं. जानेवारी 1810 मध्ये फ्रेडरिक हॅसेलबरो या कप्तानाने ‘पर्सिव्हरन्स’ जहाजातून हे बेट शोधलं आणि मालकाच्या कंपनीचं नाव त्याला दिलं. मालक रॉबर्ट कॅम्पबेल हा कोलकात्याहून सिडनीला जाऊन बसलेला व्यापारी. सीलच्या कातड्यांसाठी माणसं उतरली आणि काही वर्षांतच सील जवळजवळ संपले. जहाजांबरोबर तपकिरी उंदीर उतरले. पुढे 1895 पासून 1931 पर्यंत मेंढपाळी चालली; ती बुडाल्यावर मेंढ्या तिथेच सोडून माणसं निघून गेली आणि परातीएवढ्या पानांचा फडशा पडत राहिला.

उंदरांनी काय केलं ते एका बदकाच्या गोष्टीतून कळतं. कॅम्पबेलचं छोटं तपकिरी बदक उडू शकत नाही. शत्रूच नसेल तर उडण्यावर शक्ती कशाला खर्चायची, असा तो बेटावरचा हिशेब. उंदीर आल्यावर ते नाहीसं झालं आणि नामशेष धरलं गेलं. 1975 मध्ये शेजारच्या डेंट नावाच्या, अवघ्या 23 हेक्टरच्या उभ्या कड्याच्या बेटावर ते पुन्हा सापडलं. उंदीर तिथे पोचले नव्हते. 1984 आणि 1990 मध्ये मिळून 11 बदकं न्यूझीलंडला नेली. पिंजऱ्यात ती वीण करीनात. कितीतरी वर्षं वाट पाहिल्यावर 1994 मध्ये डेझी नावाच्या एका मादीने अंडी घातली, आणि तिथून ही जात सावरली.

पण परत कुठे सोडणार? 2001 च्या हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून सुमारे 120 टन विषारी आमिष बेटाच्या इंचाइंचावर टाकलं. उंदराची एक गाभण मादी उरली तरी सारं पाण्यात जाणार होतं. 2003 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं, 2004 पासून बदकं घरी परतली. आणखी एक पाहुणा तर न बोलावता आला. कॅम्पबेलचा पाणलावा (स्नाइप) हा पक्षी विज्ञानाला माहीतच नव्हता. 1997 मध्ये जॅकमार्ट या चिमुकल्या बेटावर तो पहिल्यांदा सापडला. उंदीर गेल्यावर तो स्वतःच समुद्र ओलांडून कॅम्पबेलवर आला आणि तिथे वीण करू लागला. हे वाचलं की मला दरवेळी भरून येतं.

इतर बेटांचा अनुभव हेच सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर मांजरं काढली तर सशांची संख्या भडकली, त्यांनी उतार बोडके केले आणि 2006 मध्ये दरड कोसळून पेंग्विन गाडले गेले. अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात खर्च करून 2014 मध्ये ते बेट ससे आणि उंदीर-घुशींपासून मुक्त झालं. दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया 2018 मध्ये उंदीरमुक्त ठरलं. तिथे 500 पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजातून कुणालाही उतरू देत नाहीत आणि एका वेळी शंभराहून जास्त जण किनाऱ्यावर नसतात. रात्री जहाजाच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतात, कारण धुक्यात दिव्याकडे झेपावून छोटे पेट्रेल पक्षी डेकवर आदळतात.

सगळा धोका जहाजातूनच येतो असंही नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये साउथ जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर एच5एन1 हा बर्ड फ्लू पोचला, तो उडत्या पक्ष्यांबरोबर. 2024 मध्ये तो हिंदी महासागरातल्या क्रोझे आणि केर्गेलेन बेटांवर गेला. साउथ जॉर्जियाच्या सर्वांत मोठ्या तीन किनाऱ्यांवर 2022 ते 2024 या काळात विणीच्या एलिफंट सील माद्या सुमारे 47 टक्क्यांनी घटल्या. पक्ष्यांची वाट कोण अडवणार? पण दूषित चिखल बुटाला लावून एका वसाहतीतून दुसरीत नेणं मात्र टाळता येतं. म्हणून आता प्रवाशांना किनाऱ्यावर बसायची, गुडघे टेकायची, पिशवी खाली ठेवायचीही मनाई असते.

काम अजून उरलं आहे. ऑकलंड समूहाच्या मुख्य बेटावर एकोणिसाव्या शतकात सोडलेली डुकरं, शिवाय मांजरं आणि उंदीर आजही आहेत. डुकरांनी जमीन उकरून मोठ्या पानांच्या वनस्पती कड्याकपारींपुरत्या उरवल्या आहेत. कार्नली बंदराची खाडी ओलांडली की ॲडम्स बेट लागतं. पाऊस तोच, वारा तोच. तिथे डुकरं, मांजरं किंवा उंदीर कधी पोचलेच नाहीत, आणि उतारच्या उतार फुलांनी भरलेले असतात. मुख्य बेट मोकळं करायची ‘माउकाहुका’ ही योजना संवर्धन खात्याने आखली आहे. बेट कॅम्पबेलच्या चौपट, काढायचे प्राणी तीन जातींचे, त्यामुळे खर्चही मोठा आहे.