बुडणे आणि जलबचाव (ग्रामीण विदर्भ)

नाक-तोंड पाण्याखाली जाऊन श्वास अडणे म्हणजे बुडणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मृत्यूची अट नाही; वाचलेला माणूसही बुडालेलाच धरतात. बुडणारा क्वचितच ओरडतो. तोंड श्वासासाठी धडपडत असते, हात पाणी खाली दाबत राहतात, शरीर उभे होते. ही धडपड साधारण २० ते ६० सेकंद चालते. त्यामुळे घाटावर धुणे धुणाऱ्या बायांच्या शेजारीही पोर गुपचूप बुडते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत व बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, काठ उथळ वाटतो, पण मुरूम किंवा गाळ काढलेल्या जागी एकदम खोली लागते. शिंगाड्याचे वेल आणि कमळाचे देठ पायांत गुंततात. तुडुम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार, उघडे असताना त्याच्या तोंडाशी पाण्याची ओढ असते; पोळ्याला बैल धुताना त्यापासून दूर राहावे. वैनगंगा, वर्धा, पैनगंगेच्या पात्रात रेती उपशाचे खड्डे असतात. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याचा पुढचा पाय पुरुषभर खोलीत पडतो आणि खड्ड्याची कड हाताखाली ढासळते. गोसीखुर्दसारख्या धरणाची दारे उघडल्यावर खालच्या गावांत ऊन असतानाही पाणी चढते, म्हणून भोंगा किंवा दवंडी ऐकताच पात्र सोडायचे. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, वाहणारे दोन फूट पाणी चारचाकी उचलून नेऊ शकते.

नावेत मुख्य धोका जादा माणसांचा आणि एका बाजूला झुकण्याचा. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण दगावले. जीवरक्षक जाकीट नावेत पडून असणे पुरेसे नाही, ते बसण्याआधीच अंगावर बांधलेले हवे.

प्लास्टिक अंथरलेले शेततळे मात्र सर्वांत फसवे. पाणी संथ, काठ नीट, त्यामुळे भीती वाटत नाही. उतार तीव्र असतो. ओल्या प्लास्टिकवर शेवाळ धरते आणि पट्टीचा पोहणाराही काठाला लागून वर चढू शकत नाही. घसरून, थकून तो खाली जातो. चारही बाजूंना वर पक्क्या खुंट्यांना बांधलेला, तळापर्यंत पोहोचणारा, दर फुटावर गाठ मारलेला नायलॉनचा दोर सोडावा. भोवती कुंपण, त्याला कुलूप लागेल असे फाटक, आणि पाण्यात कायम तरंगती एक ट्रॅक्टरची ट्यूब. शेततळ्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे, तरी तोच बहुधा राहून जातो.

वाचवताना पाण्यात उडी मारू नये. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. एकामागोमाग घरातली माणसे बुडतात ती अशीच. आधी आरडाओरडा करून माणसे जमवावीत. काठावर पालथे झोपून बांबू, साडी किंवा धोतर पुढे करावे. लांब असेल तर दोराला बांधलेला पाच लिटरचा रिकामा कॅन फेकावा. आत कपभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावले की तो वाऱ्याने भरकटत नाही. कॅन त्याच्या डोक्यापलीकडे टाकून दोर ओढत आणावा. विहिरीत पाणबुडी मोटर असेल तर पहिल्यांदा वीज बंद करावी. नाव घेऊन जायचे तर डोंगा चालवणाऱ्या धिवर-भोई मंडळींना बोलवावे.

बाहेर काढल्यावर मडक्यावर पालथे घालणे, पाय धरून फिरवणे, पोट दाबणे, मिठात ठेवणे हे सगळे घातक आहे. पोटातले पाणी काढण्यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत शिरते. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यास चार-सहा मिनिटांत इजा सुरू होते. श्वास नसेल तर उताणे झोपवून मान मागे करावी, हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत, छाती वर येते का ते पाहावे. हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी ३० दाब, नंतर दोन श्वास, असे चालू ठेवावे. मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. लहान मुलाला छातीच्या जाडीच्या एक-तृतीयांश. दुसऱ्याने तेवढ्यात १०८ ला फोन करावा. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड पुसावे आणि पुन्हा सुरू करावे.

शुद्धीवर आला तरी ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे आणि रुग्णालयात न्यावे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याने काही तासांनी धाप लागू शकते, म्हणून किमान सहा ते आठ तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवतात.