मेट्रोचा प्रकल्प अहवाल माहिती अधिकारात कसा मागवाल?

मेट्रोचा खांब दारासमोर उभा राहतो, तोवर मेट्रोतून किती माणसं जातील आणि किती पैसा लागेल याचे आकडे केव्हाच ठरलेले असतात. ते सविस्तर प्रकल्प अहवालात, म्हणजे डीपीआरमध्ये असतात. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली ते कुठल्याही नागरिकाला मागता येतात. कलम ६(२) मुळे कारण सांगावं लागत नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज करू नका. एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने करावा.

मुंबईतल्या मेट्रो २अ आणि ७ मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) बांधल्या, म्हणून त्यांचा अहवाल तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे मागा. भुयारी मेट्रो ३ साठी मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन, तर लोकलच्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पांसाठी (एमयूटीपी) मुंबई रेल विकास कॉर्पोरेशन. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेलाच, तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

राज्याच्या कार्यालयांसाठी नियमांतल्या जोडपत्र ‘अ’ या नमुन्यातला अर्ज आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी. केंद्राच्या अखत्यारीतल्या कार्यालयाला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर द्या. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यामुळे मजकूर नेमका हवा.

खरी मेहनत या मजकुरावर घ्या. नुसतं ‘डीपीआर द्या’ लिहिलं तर शेकडो पानांचा गठ्ठा हाती येईल आणि प्रत्येक पानाचे दोन रुपये मोजावे लागतील. त्याऐवजी असं लिहा: “मेट्रो मार्ग ४ (वडाळा ते कासारवडवली) च्या सविस्तर प्रकल्प अहवालातील प्रवासीसंख्येचा अंदाज व त्यामागची गृहीतके, आर्थिक परतावा दराचे गणित, त्यात धरलेले प्रवाशांच्या वेळेचे मूल्य, तसेच प्रवासी घटल्यास वा खर्च वाढल्यास हा परतावा दर किती राहील याची चाचणी, यांच्या प्रती द्याव्यात.”

आर्थिक परतावा दरात तिकिटाच्या उत्पन्नापेक्षा समाजाला होणारा फायदा मोजतात: वाचलेला वेळ, वाचलेलं इंधन, कमी झालेले अपघात. २०१७ च्या मेट्रो रेल धोरणाप्रमाणे केंद्राची मदत हवी असेल तर हा दर किमान १४ टक्के दाखवावा लागतो. प्रवासी जास्त धरले की दर आपोआप वर जातो, म्हणून सगळ्यात आधी गृहीतकं तपासा. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्लिवबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अनेक देशांतले प्रकल्प तपासले, तेव्हा दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज फुगलेला निघाला. खर्चाची बाजूही बघा: मेट्रो ३ चा मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा होता, तो ३७,२७६ कोटींवर गेला.

२०१७ च्या त्याच मेट्रो धोरणाने पर्यायांचं विश्लेषण बंधनकारक केलं आहे. त्याच रस्त्यावर स्वतंत्र बसमार्गिका दिली असती तर किती काम भागलं असतं, हे मंजुरीआधी तपासणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. २०१७ नंतरच्या मार्गांसाठी हा पर्याय-विश्लेषणाचा अहवाल वेगळ्या अर्जाने जरूर मागा. ‘असं का केलं’ असे प्रश्न मात्र विचारू नका. माहिती अधिकारात दप्तरी असलेली कागदपत्रंच मिळतात.

सुरू झालेल्या मार्गाचे महिनावार प्रत्यक्ष प्रवासी हा तिसरा अर्ज. २अ आणि ७ साठी तो महा मुंबई मेट्रो संचलन महामंडळाकडे करा आणि आकडे अंदाजाशेजारी मांडा. खरं तर ही तुलना सरकारने दरवर्षी स्वतःहून जाहीर करायला हवी. तसं झालं तर पुढच्या प्रकल्पाचा अंदाज बांधणाऱ्याला मागच्या चुका दिसतील.

उत्तराची मुदत ३० दिवस. ‘व्यापारी गुपित’ म्हणून कलम ८(१)(घ) पुढे करून नकार आला, तर अपिलात कलम १० लिहा: गोपनीय भाग झाकून उरलेलं देता येतं. पहिलं अपील ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, राज्यात जोडपत्र ‘ब’ आणि २० रुपयांच्या स्टॅम्पसह. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करा. केंद्राचं कार्यालय असेल तर केंद्रीय माहिती आयोगाकडे.