पाषाणची प्रयोगशाळा आणि खडकीचा कारखाना

पुण्यात कुणी ‘डिफेन्समध्ये आहे’ म्हटलं की बरेच जण पाषाण आणि खडकी एकच समजतात. पाषाणला डीआरडीओच्या, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या, प्रयोगशाळा आहेत. एआरडीई तोफा, रायफली, रॉकेटं यांची रचना करते. एचईएमआरएल त्यांच्यातली स्फोटकं आणि इंधन विकसित करते. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची. तिथे मंजूर झालेल्या रचनेनुसार दारूगोळा बनतो. असे कारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ २०२१ मध्ये मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाकडे आता हा कारखाना आहे.

पिनाका हे रॉकेटं डागणारं शस्त्र पाहिलं की फरक लगेच कळतो. एका लाँचरमधून १२ रॉकेटं ४४ सेकंदांत सुटतात. ती सगळी एकाच टापूत पडावीत, इंधन थंडीतही ठरल्याप्रमाणे जळावं, हे गणित प्रयोगशाळेनं सोडवायचं. १९९९ मध्ये कारगिलला पिनाका वापरलं गेलं, तेव्हा ते अजून चाचण्यांच्याच टप्प्यात होतं. पण लांबलेल्या युद्धात चार उत्तम नमुने पुरत नाहीत. हजारावं रॉकेटही पहिल्यासारखंच उडायला हवं, आणि ती जबाबदारी कारखान्याची. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाकाच्या रॉकेटांचे करार म्युनिशन्स इंडिया आणि नागपूरची इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज यांच्याशी झाले, डीआरडीओशी नव्हे.

म्हणूनच एखादा तोफगोळा फसला की सरसकट ‘डीआरडीओचं अपयश’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दोष रचनेत, उत्पादनात, की साठवणुकीत, हे आधी तपासावं लागतं. उत्पादनातला धोकाही कामगारच अंगावर घेतात. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ जण गेले. देशाच्या सुरक्षेची किंमत त्या घरांनी मोजली; त्यांची आठवण पहिल्या पानावर दोन दिवसच राहावी, याचं वाईट वाटतं.

समाजापर्यंत कारखाना आणि प्रयोगशाळा वेगवेगळ्या वाटांनी पोचतात. कारखान्याभोवती वसाहत, शाळा, बाजार उभा राहतो. प्रयोगशाळेचं ज्ञान मात्र भलतीकडेच उपयोगी पडतं. एचईएमआरएलनं स्फोटक ओळखण्याचं एक छोटं किट तयार केलं. संशयित पदार्थाच्या कणांवर रसायनाचे थेंब टाकायचे. काही मिनिटांत येणाऱ्या रंगावरून आरडीएक्स आहे की टीएनटी, याचा अंदाज येतो. बॉम्बशोधक पथकातल्या हवालदाराला त्यासाठी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसावं लागत नाही.