बसला परमिट आहे, म्हणून दारू देता येते?

‘गाडीचं व्यावसायिक परमिट काढलंय, त्यातच दारूचंही आलं’ हा समज प्रवासी व्यवसायात वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. वाहनाचं परमिट फक्त भाडं घेऊन माणसं किंवा माल नेण्यापुरतं असतं. दारूचा कायदा वेगळा, खातंही सहसा वेगळं.

त्यातही वाहतूक आणि विक्री या दोन निराळ्या गोष्टी. सीलबंद खोकी गोदामातून दुकानात नेताना मुख्य प्रश्न कराचा असतो: माल कुणाचा, कुठून कुठे चाललाय, शुल्क भरलंय का. ती कागदपत्रं ट्रकमध्ये असली, तरी त्यातली एक बाटलीसुद्धा वाटेत विकता येत नाही.

विक्रीचा परवाना बहुधा ठरावीक जागेला मिळतो, त्यामुळे धावत्या गाडीची पंचाईत होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २००३ च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टच्या कलम १५६ नुसार धावत्या वाहनात दारूची किरकोळ विक्री हा गुन्हाच आहे. रेल्वेला आणि विमानाला मात्र सूट! पार्टी-बसवाल्यांना हा दुजाभाव वाटतो, पण कायदा तसा आहे.

‘आम्ही विकत नाही, तिकिटातच देतो’ ही पळवाटही फार चालत नाही. पेयाची किंमत भाड्यात मिसळली, तर अनेक ठिकाणी ती विक्रीच धरतात. प्रवाशाने स्वतःची बाटली आणली तर? काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी उघडी बाटली दिसली तरी दंड. मार्गात हद्द बदलत असेल, तर पलीकडचे नियमही आधी विचारून घ्या.