काड्या फुल, तरी नेट रडतंय

डेस्कटॉपला वायफाय नसलं की आपण एक छोटा यूएसबी अडॅप्टर आणतो, वाकून कॅबिनेटच्या मागे खोचतो आणि राउटरचा पासवर्ड टाकतो. रेंजच्या काड्या फुल दिसतात, पण व्हिडिओ अडखळतो. मग केबलवाल्याला फोन. बऱ्याचदा तो बिचारा निर्दोष असतो. खरा संशयित अडॅप्टरला खेटून असतो: निळ्या यूएसबी 3.0 पोर्टला लावलेली हार्ड डिस्क.

यूएसबी 3.0 मधून सेकंदाला 5 अब्ज बिट धावतात. 0-1-0-1 असा क्रम आला तर एका आवर्तनात दोन बिट बसतात, म्हणजे वारंवारता झाली 2.5 गिगाहर्ट्झ. वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा अगदी शेजारीच! सगळी ऊर्जा एकाच वारंवारतेवर साचू नये म्हणून डेटा मुद्दाम विस्कटून पाठवतात. त्यामुळे पोर्ट आणि केबलमधून बाहेर गळणारा रेडिओ गोंगाट शून्यापासून 5 गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो आणि 2.4 चा पट्टा त्यात ऐन मध्ये सापडतो. फिल्टर लावूनही उपयोग नाही, कारण नको ते आणि हवं ते दोन्ही एकाच वारंवारतेवर. इंटेलने 2012 मध्ये याची मोजमापं प्रसिद्ध केली. या पट्ट्यातला गोंगाट सुमारे 20 डेसिबलने, म्हणजे शंभरपट वाढू शकतो.

शंभरपट कशाच्या तुलनेत, तेही बघा. राउटर 100 मिलिवॉटच्या आसपास सोडतो. भिंती ओलांडून अडॅप्टरपर्यंत त्यातला नॅनोवॉटभर पोचला, म्हणजे दहा कोटींवा हिस्सा, तरी ती चांगली रेंज समजायची. काड्या दाखवतात ती मुख्यतः हीच ताकद. गोंगाटाचा हिशेब त्यात नसतो. गोंगाटात पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, बिघडलं की ‘मिळालं’ अशी पोच जात नाही, राउटर ते पुन्हा पाठवतो, पुन्हा बिघडलं की वेग उतरवतो.

खोक्यावरच्या ‘1200 एमबीपीएस’ला भुलू नका. ती 2.4 गिगाहर्ट्झवरचे 300 आणि वायफायच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे 867 यांची ढोबळ बेरीज असते, आणि अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. सिग्नल वाढवणाऱ्या सोनेरी स्टिकरची जागा लिंबू-मिरचीशेजारी.

उपाय स्वस्त आहे: यूएसबी 2.0 ची हातभर एक्स्टेन्शन केबल घ्या आणि अडॅप्टर टेबलावर आणा. कॅबिनेटच्या पत्र्याचा आडोसाही सुटतो. अडॅप्टर ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही पट्टे पकडणारा असेल, तर राउटरचं 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा. मध्ये दोन-तीन भिंती असतील तर मात्र तिथे रेंज लवकर ढेपाळते.