इलेक्ट्रो-न्यूमॅटिक पेंटबॉल मार्कर

इलेक्ट्रो-न्यूमॅटिक पेंटबॉल मार्कर : पेंटबॉलच्या खेळात दाबाखालच्या हवेने रंगाची गोळी फेकणारे साधन. यात गोळी फेकण्याची सगळी ताकद हवेची असते. ती हवा कधी आणि किती वेळ सोडायची, हे मात्र बॅटरीवर चालणारा छोटा सर्किट बोर्ड आणि त्याच्या हुकमाने विजेच्या जोरावर उघडझाप करणारी सोलेनॉइड झडप ठरवते. खेळाडूचे बोट चाप ओढते तेव्हा प्रत्यक्षात फक्त एक स्विच दाबला जातो. बोट आणि यंत्रणा यांची अशी फारकत झाली आणि खेळच बदलला.

गोळी ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मि.मी. व्यासाची आणि जेमतेम ३ ग्रॅमची असते. वर जिलेटिनचे कवच, आत पाण्याने धुतला जाणारा रंग. मैदानावर तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांपेक्षा, म्हणजे साधारण ९१ मीटरपेक्षा जास्त नसावा, असा सर्वत्र दंडक आहे. नळीत न फुटता इतक्या वेगाने सुटायचे आणि समोरच्या खेळाडूवर आदळताच फुटायचे, अशा दोन उलट अपेक्षा या नाजूक गोळीकडून असतात. मार्करच्या पिढ्यांचा इतिहास बहुतेक वेळा सेकंदाला किती गोळ्या, याच आकड्यांत सांगितला जातो. खरे पाहता वेगाचा प्रश्न पहिल्या आठ-दहा वर्षांतच संपला आणि त्यानंतरची बहुतेक सुधारणा गोळीला सांभाळून कसे ढकलायचे, या एका प्रश्नाभोवती झाली.

पूर्वपीठिका : नेल्सन पेंट कंपनीसाठी बनवलेले नेलस्पॉट ००७ हे साधन मुळात तोडायच्या झाडांवर आणि जनावरांवर लांबून रंगाची खूण करण्यासाठी होते. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकरजवळच्या जंगलात १२ जण तीच साधने घेऊन एकमेकांविरुद्ध खेळले आणि पेंटबॉलचा जन्म झाला. जिंकणाऱ्याने एकही गोळी झाडली नव्हती. पुढची काही वर्षे प्रत्येक गोळीसाठी हाताने यंत्रणा मागे ओढावी लागे. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ऑटोकॉकर आणि ऑटोमॅग हे अर्धस्वयंचलित मार्कर आले. ऑटोकॉकरमध्ये चापाला जोडलेली एक छोटी झडप हवा वळवून बोल्ट, म्हणजे गोळीला नळीत ढकलणारा दांडा, मागे-पुढे करी. न्यूमॅटिक, म्हणजे हवेवर चालणारा, भाग इथेच तयार झाला होता, फक्त त्याचे नियंत्रण बोटाच्या जोरावर आणि घडणाऱ्या हाताच्या कौशल्यावर होते. झडपांची वेळ नीट जुळवलेला ऑटोकॉकर फार सुरेख चाले आणि ती थोडी चुकली की गोळ्या कातरू लागे.

पहिली पिढी : १९९६ मध्ये स्मार्ट पार्ट्स या अमेरिकी कंपनीच्या नावाने शॉकर बाजारात आला. पाठोपाठ १९९७च्या सुमारास इंग्लंडमधल्या डब्ल्यूडीपी या कंपनीने एंजल आणला आणि १९९८ मध्ये ब्रास ईगलचा रेनमेकर आला. पहिला शॉकर लांबलचक आणि जड होता. एंजल त्या मानाने आटोपशीर, आणि त्याचा चाप इतका हलका की दोन बोटे आळीपाळीने चालवली तर ऑटोकॉकरवाल्याला एंजलवाल्याची गती गाठणे अशक्य होई. पुढे एंजलवर छोटा पडदाही आला आणि मार्करची मांडणी (सेटिंग) आकड्यांत बदलता येऊ लागली. बोर्ड, सोलेनॉइड आणि बॅटरी यांच्या वापरावर पेटंट कोणाचे, यावरून स्मार्ट पार्ट्सने इतर उत्पादकांशी बरेच वाद घातले आणि त्यातून कित्येकांना परवान्याची रक्कम मोजावी लागली. २०१० मध्ये ही कंपनी बंद पडली आणि तिची पेटंटे दुसऱ्या कंपनीकडे गेली.

या पिढीने आणखी एक जुनी सवय मोडली. आधी मार्कर कार्बन डायऑक्साइडवर चालत. तो टाकीत द्रवरूपात असतो, त्याचा दाब हवामानाप्रमाणे वर-खाली होतो आणि द्रवाचा थेंब आत शिरला तर सोलेनॉइडची नाजूक सीले गोठून खराब होतात. त्यामुळे चौरस इंचाला ३,००० किंवा ४,५०० पौंड दाबाने भरलेल्या साध्या हवेच्या टाक्या आल्या. टाकीवरचा रेग्युलेटर तो दाब सुमारे ८०० पौंडांवर आणतो आणि मार्करवरचा दुसरा रेग्युलेटर आणखी खाली, बहुतेक मार्करांत २०० पौंडांच्या आत. एवढी स्थिर हवा मिळाल्यावरच एका गोळीचा वेग पुढच्या गोळीला जुळू लागला.

गोळी पडण्याचा प्रश्न : बोल्ट मागे गेला की वरच्या हॉपरमधून, म्हणजे गोळ्यांच्या डब्यातून, नवी गोळी नळीच्या तोंडाशी पडते आणि बोल्ट पुढे येऊन तिला बसवतो. गोळीला स्वतःच्या व्यासाइतके, म्हणजे १७ मि.मी. अंतर नुसत्या गुरुत्वाकर्षणाने पडायला सुमारे ६० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला १५ गोळ्या मारायच्या तर एका गोळीच्या पूर्ण चक्राला मिळतात ६७ मिलिसेकंद, आणि त्यातच बोल्टचे जाणे-येणे आले. म्हणजे बोर्ड कितीही वेगवान असला तरी गोळी वेळेवर पोचणारच नाही. बोल्ट अर्धवट पडलेल्या गोळीवर आला की ती कातरली जाते. खेळाडू याला ‘चॉप’ म्हणतात. एक चॉप झाला की नळीच्या आत रंग फासला जातो आणि पुढच्या दहा-बारा गोळ्या वाट्टेल तिकडे जातात.

यावर दोन दिशांनी उपाय झाले. हॉपरमध्ये आधी गोळ्या ढवळणारा पंखा आला. नंतर २००० नंतरच्या वर्षांत हॅलोसारखे, गोळ्यांची रांग स्प्रिंगच्या ताणाने खाली दाबून धरणारे हॉपर आले, आणि गुरुत्वाकर्षणाची मर्यादा उरली नाही. दुसरा उपाय मार्करच्या आत झाला, तो म्हणजे ‘डोळा’. गोळी बसते त्या जागी एका बाजूला अवरक्त प्रकाशाचा दिवा आणि समोर सेन्सर असतो. गोळी पूर्ण बसून प्रकाश अडवेपर्यंत बोर्ड सोलेनॉइडला हुकूमच देत नाही, चाप कितीही वेळा ओढा. आधीचे काही डोळे गोळीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावर चालत, पण गडद रंगाच्या गोळ्यांपुढे ते गोंधळत. म्हणून आरपार किरणाची पद्धत टिकली. डोळ्यावर रंग उडाला तर बोर्डाला सतत गोळी असल्याचा भास होतो. चांगले बोर्ड हे ओळखतात आणि डोळ्याशिवाय, ठरावीक कमी गतीने चालू लागतात. माझ्या मते या साधनाच्या साऱ्या इतिहासात डोळ्याइतकी मोलाची सुधारणा दुसरी नाही, कारण तिच्यामुळे खेळाडूचा हात आणि गोळीची लय यांच्यातला झगडा थांबला.

दोन घराणी : दुसऱ्या पिढीपासून रचनेचे दोन स्पष्ट प्रवाह दिसतात. पहिल्यात दोन नळ्या एकावर एक असतात. खालच्या नळीत सोलेनॉइडने चालणारा दट्ट्या पुढे धावतो आणि पॉपेट झडपेच्या दांड्यावर आपटतो. झडप क्षणभर उघडते आणि हवा वरच्या नळीतल्या बोल्टमधून गोळीमागे जाते. दट्ट्या आणि बोल्ट एका खिळीने जोडलेले असल्याने दोघे बरोबरच पुढे-मागे होतात. एंजल, बॉब लाँगचा इंटिमिडेटर आणि इंग्लंडच्या प्लॅनेट एक्लिप्सचा इगो हे या घराण्याचे. हवा कमी लागते, टाकी जास्त वेळ पुरते, पण आपटण्यामुळे हाताला झटका बसतो आणि आवाज कोरडा, टणक येतो.

दुसऱ्या घराण्यात, म्हणजे स्पूल रचनेत, बोल्ट स्वतःच झडप असतो. त्याच्यामागे हवेची कोठी भरलेली असते. बोल्ट पुढे सरकत गोळी नळीत बसवतो आणि प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात त्याच्या अंगावरची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारे रबरी कडे, आपली बैठक ओलांडते. त्याच क्षणी कोठीतली हवा पोकळ बोल्टमधून पुढे निघते. कशावर काही आपटत नाही, त्यामुळे झटका कमी आणि आवाज मऊ. याची किंमत म्हणजे भरपूर ओ-रिंगा, नियमित ग्रीस आणि (निदान सुरुवातीच्या पिढ्यांत) हवेची उधळपट्टी. मॅट्रिक्स हे या घराण्यातले ठळक नाव. डाय प्रिसिजन या कंपनीने तो हाती घेतला आणि २००४ च्या डीएम४ पासून जवळजवळ दरवर्षी नवा डीएम काढला. त्यात बोल्ट पुढे ढकलायला आणि मागे आणायलाही सोलेनॉइडच हवा पुरवतो. शॉकरच्या २००३ च्या एसएफटी आवृत्तीत मात्र वेगळी युक्ती होती: बोल्टला पुढच्या बाजूने हवेने अडवून धरायचे आणि चाप ओढताच ती अडवणारी हवा सोडून द्यायची. जुन्या शॉकरचे नाव घेऊन आलेला हा मार्कर आतून पूर्ण नवा, छोटा आणि हलका होता.

हीच युक्ती स्मार्ट पार्ट्सने २००५ मध्ये आयन या मार्करमध्ये स्वस्तात उतरवली. अमेरिकेत ३०० डॉलरच्या आसपास मिळणारा आयन बाहेरून प्लॅस्टिकचा होता आणि साफ करायला उघडणे कटकटीचे होते. तरी तोवर बहुतेक महागड्या मार्करांपुरता असलेला डोळा आणि बोर्ड त्याने नवशिक्याच्या हातात दिला. महागड्या स्पर्धकांच्या कौतुकात आयनची योग्यता बाजूला पडते, हे बरोबर नाही.

बोर्ड आणि नियम : चाप स्विचपुरता उरल्यावर त्याचे नवेच प्रश्न उभे राहिले. स्विचचे संपर्क मिटताना काही क्षण थरथरतात आणि बोर्डाला एका ओढीचे दोन-तीन हुकूम दिसतात. मार्करचा झटका बोटावर परत येऊनही चाप आपोआप दाबला जातो. म्हणून बोर्डात ‘डीबाउन्स’ नावाची मांडणी असते, ठरावीक मिलिसेकंदांच्या आतले दुसरे हुकूम ती दुर्लक्षिते. ती मुद्दाम सैल ठेवली की मार्कर बोटापेक्षा जास्त गोळ्या मारतो. पुढे काहींनी बोर्डाच्या प्रोग्रॅममध्येच लपवलेल्या सोयी घातल्या आणि पंचांना ते ओळखता येईना. शेवटी काही मोठ्या स्पर्धांनी व्यवहार्य मार्ग काढला. सुरुवातीच्या काही ओढी खऱ्या, मग बोर्डाने गती वाढवायला हरकत नाही, पण ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंतच. याला ‘रॅम्पिंग’ म्हणतात. मर्यादा आधी सेकंदाला १५ होती, मग १२.५ झाली आणि आता १०च्या आसपास आहे. मांडणी सामन्यात बदलता येऊ नये म्हणून बोर्डावर कुलूप असते, त्याचे बटण अवजाराशिवाय हाताला लागत नाही.

नियमाने गती बांधली आणि कारखान्यांना गतीची जाहिरात करण्यात अर्थ उरला नाही. सुधारणेचा रोख मऊपणाकडे वळण्याचे हे एक कारण. दुसरे कारण गोळीच. स्पर्धेच्या गोळ्यांचे कवच मुद्दाम पातळ आणि ठिसूळ करतात, म्हणजे त्या अंगावरून उसळून न जाता फुटतात. जितका सौम्य बोल्ट, तितकी ठिसूळ गोळी वापरता येते, आणि जितकी ठिसूळ गोळी बाजारात येते तितका सौम्य बोल्ट हवा होतो.

नंतरच्या पिढ्या : इगोचा २००५ ते २०११ हा प्रवास या दृष्टीने बघण्यासारखा आहे. मूळ आराखडा तोच राहिला, पण दरवर्षी दट्ट्या, बोल्ट, रेग्युलेटर आणि हवेच्या वाटा यांत बारीक बदल होत गेले. खोक्यातून काढलेला नवा मार्कर आधीच्या वर्षीपेक्षा फार वेगळा दिसत नसे, हातात धरून मारल्यावर फरक कळे. त्याच कंपनीने २००८ मध्ये जिओ हा स्पूल मार्कर काढला आणि दोन्ही घराणी एकाच छताखाली आली. त्यानंतर दोघांतले अंतर मिटत गेले. इगोची पुढची एलव्ही१ आवृत्ती पॉपेट असूनही मऊ चालते, तर नवे स्पूल मार्कर हवा बरीच जपून वापरतात.

स्पूलची एक जुनी खोड मात्र यंत्रणेपेक्षा बोर्डाने सोडवली. मार्कर मिनिट-दोन मिनिटे न वापरता राहिला की ग्रीस बसते, ओ-रिंग भिंतीला चिकटते आणि पहिल्या ओढीला बोल्ट किंचित उशिरा हलतो. ती पहिली गोळी मंद सुटून अलीकडेच पडते. त्याआधी मार्कर किती वेळ स्वस्थ होता हे बोर्ड मोजतो आणि पहिल्या गोळीपुरता सोलेनॉइड काही मिलिसेकंद जास्त वेळ उघडा ठेवतो. आडोशामागे वाट पाहत बसलेल्या खेळाडूसाठी ही सोय सामन्याचा निकाल फिरवू शकते.

बाकीच्या सुधारणा वापराच्या सोयीच्या आहेत. बाहेरची हवेची नळी जाऊन वाट पकडीच्या आतून गेली, बोल्ट अवजाराशिवाय मागून बाहेर निघू लागला, दिव्यांच्या रंगांवरून मांडणी ओळखण्याऐवजी ओएलईडी पडदे आले. डीएलएक्स या कंपनीचा लक्स हा मार्कर तर मांडणीच्या सूचना आवाजात बोलून दाखवतो.

२०१० नंतर विजेविना चालणाऱ्या मार्करांच्या स्पर्धांना पुन्हा गर्दी होऊ लागली. त्यांच्यासाठी प्लॅनेट एक्लिप्सने २०१७ मध्ये काढलेल्या ईमेकमध्ये बॅटरी, बोर्ड, डोळा यांतले काही नाही. सोलेनॉइडच्या जागी चापाने चालणारी साधी झडप आहे. आतला गामा कोअर हा स्पूल बोल्ट मात्र जीटेक या इलेक्ट्रो-न्यूमॅटिक मार्करातून जसाच्या तसा आलेला आहे, आणि त्याच्या ओ-रिंगांना ग्रीसही तितक्याच निगुतीने लावावे लागते.