चिंचोके, टाळ्या आणि ‘ए, खाली बस!’

पहिलीच्या वर्गात ‘कमळ’ हा शब्द तोडून म्हणायला आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी वाजवायला सांगून बघा. बरीच पोरं दोनच टाळ्या वाजवतात, क-मळ, आणि आपण लगेच म्हणतो, नाही रे, तीन, क-म-ळ. पण पोरांचंच बरोबर असतं! बोलताना शेवटच्या ळ मधला अ आपण खाऊनच टाकतो, तीन अक्षरं दिसतात ती फक्त फळ्यावर. म्हणूनच एखादं मूल कऽ, मऽ, ळऽ असं सगळं बरोबर वाचतं आणि तरी हा शब्द कुठला ते त्याला कळत नाही, मग आपण म्हणतो याचं लक्ष नाही. लक्ष असतं हो, कानात आणि डोळ्यात जुळणी झालेली नसते.

फोनिक्स म्हणजे तीच, आवाजाची आणि अक्षराची जुळणी, ते काय फक्त इंग्लिश मीडियमचं नाही. एल्कोनिन नावाच्या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती काढली होती, शब्दातल्या प्रत्येक आवाजाला एक चौकोन आणि त्यात एक सोंगटी. आमच्याकडे सोंगट्यांच्या जागी चिंचोके. ‘काम’ म्हणायचं आणि सावकाश सरकवायचे: क्, आ, म्, तीन चिंचोके. आता शेवटचा उचला, तिथे न् ठेवा, काय झालं? कान! पहिला बदला, पान! हे पहिल्यांदा जमतं तेव्हा पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण शब्द मोडता येतो आणि परत जोडता येतो हे त्याला हाताने कळलेलं असतं.

मराठीत अजून एक गंमत आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून बघा, च एकच पण आवाज दोन. इंग्रजीतल्या तक्त्यांची नुसती नक्कल केली तर हे सुटून जातं. मी एका कोपऱ्याला चिमणीचं चित्र लावते, दुसऱ्याला चाकाचं, शब्द म्हणते आणि पोरं आवाज ऐकून त्या त्या कोपऱ्यात पळतात.

पळतात म्हणजे गोंधळ आलाच, आणि मग सुरू होतं, ए खाली बस, ए खाली बस. 1968 मध्ये अमेरिकेत मॅडसेन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्याच वर्गात बसून नोंदी केल्या, तर बाई जितक्या जास्त वेळा ‘खाली बस’ म्हणायच्या तितकी जास्त पोरं उभी राहायची! कारण सोपं आहे, उभं राहिलं की बाई आपल्याकडे बघतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला तेच हवं असतं. मग बाईंनी बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू केलं, आणि उभं राहणं कमी झालं. फक्त ते ‘शाब्बास’ मोघम नको, ‘तू शेजारणीचा शब्द पूर्ण ऐकून घेतलास’ असं नेमकं हवं.

1969 मध्ये तिथेच चौथीच्या वर्गात अजून एक खेळ झाला, वर्गाचे दोन गट, नियम मोडला की गटाच्या नावापुढे फळ्यावर खूण, कमी खुणावाला गट जिंकला. खेळ चालू असताना दंगा खूपच कमी झाला आणि खेळ थांबवला की परत वाढला, म्हणजे फरक खेळामुळेच होता. पुढे 1980च्या दशकात बाल्टिमोरच्या पहिलीच्या मुलांवर हाच खेळ वापरून ती विशीत जाईपर्यंत अभ्यास केला गेला, आणि जी मुलं मुळात जास्त आक्रमक होती त्यांच्यात त्याचा फायदा तेव्हाही दिसला.

मी यात एक बदल करते. खूण चुकीसाठी नाही, चांगल्यासाठी करते, कारण गटाला एकाच पोरावर चिडायला मिळालं की त्याचे हाल होतात. कोणी थांबून ऐकलं, कोणी खडू उचलून दिला, की गटाच्या डब्यात एक चिंचोका. रोज दहाच मिनिटं. जिंकलेला गट दुसऱ्या दिवशी शब्द निवडतो. डब्यातले चिंचोके मोजायचं काम मात्र मी वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर पोराला दिलंय, आणि परवा त्याने मोजता मोजता तीन चिंचोके बाजूला काढले, एकेक सरकवला आणि स्वतःशीच म्हणाला, प्, आ, य्... पाय.